‘बर्क’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा



या स्मृतिव्याख्यानमालेतील यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इंग्रजी आणि इतिहास असे दोन्ही विषय शिकवीत. या दोन तासांमध्ये त्यांनी कधी भिंत उभी केली नाही. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, पण त्याचे कुळ इतिहासात शोधावे लागते, असे त्यांचे सांगणे असे. त्यांच्या स्मृतीला धरून आज एकाच शब्दाविषयी बोलावे असे मी ठरविले आहे.

तो शब्द म्हणजे ‘बर्क’ हे इंग्रजी क्रियापद. बोलण्यात ते सहसा कानांवर पडत नाही. आजच्या इंग्रजांपैकीही अनेकांना ते ठाऊक नसेल. परंतु बडोद्याच्या न्यायालयांत वकिली करताना ते माझ्या वाचनात वारंवार आले, आणि ज्या अर्थाने आले तो अर्थ अस्वस्थ करणारा होता. त्या अर्थाकडे मी शेवटी येईन. आधी कोश काय सांगतात ते पाहू.

कोशात या क्रियापदाचे ढोबळमानाने दोन अर्थ मिळतात. पहिला अर्थ असा : अंगावर खूण राहणार नाही अशा रीतीने गुदमरवून माणसाला ठार मारणे, विशेषतः त्याचे प्रेत विच्छेदनासाठी विकता यावे म्हणून मारणे. दुसरा अर्थ लाक्षणिक : एखादी चौकशी, एखादा प्रश्न किंवा एखादे प्रकरण गाजावाजा न होता दडपून टाकणे, त्याला तोंडच फुटू न देणे. एकाच शब्दाने खून आणि मौन अशा दोन्ही गोष्टी सांगाव्यात, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ते तसे का झाले, हाच आजचा विषय आहे.

प्रारंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना बर्क म्हटले की एडमंड बर्क आठवतो. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात १७८८ पासून ब्रिटिश संसदेपुढे ज्याने अयोध्येच्या बेगमांची आणि काशीच्या राजाची कैफियत मांडली, तो वक्ता. खटला १७९५ पर्यंत चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. तरीही हिंदुस्थानातील गाऱ्हाणी त्या सभागृहात मोठ्या आवाजात ऐकविली गेली. आपल्या क्रियापदाचा त्या बर्कशी काडीचाही संबंध नाही. दोघेही आयर्लंडचे आणि दोघांचे आडनाव एक, एवढेच साम्य. ज्या आडनावाच्या एका माणसाने दूरच्या लोकांचा आवाज पार्लमेंटात नेला, त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसावरून आवाज दडपण्याचे क्रियापद तयार व्हावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

हा दुसरा बर्क म्हणजे विल्यम बर्क. त्याची हकीकत स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे १८२७-२८ मध्ये घडली. मात्र ती समजण्यासाठी त्या शहराची त्या वेळची स्थिती जाणून घ्यावी लागते.

एडिंबरो हे त्या काळी वैद्यकीय शिक्षणाचे युरोपातील एक अग्रगण्य केंद्र होते. विद्यापीठाबाहेरही शल्यचिकित्सकांच्या खाजगी शाळा चालत आणि त्यांच्यात विद्यार्थ्यांसाठी चुरस असे. डॉ. रॉबर्ट नॉक्स यांचा वर्ग सर्वांत गाजलेला. त्यांच्यापुढे चारशेहून अधिक विद्यार्थी बसत. शरीररचनाशास्त्र शिकायचे तर मानवी देह उघडून पाहिला पाहिजे, आणि तो ताजा असला पाहिजे, कारण त्या काळी देह टिकविण्याची खात्रीची साधने नव्हती. एवढे देह आणायचे कोठून? १५०५ मध्ये एडिंबरोच्या शल्यचिकित्सकांच्या संघाला वर्षाकाठी एका देहदंडित गुन्हेगाराचे प्रेत मिळण्याची सनद होती. पुढे १७५२ च्या कायद्याने खुन्यांना दफन नाकारून त्यांची प्रेते विच्छेदनासाठी देण्याची तरतूद झाली. त्या कायद्याचा हेतू शास्त्राला मदत करण्याचा नव्हता, शिक्षेची दहशत वाढविण्याचा होता. परिणाम असा झाला, की विच्छेदन म्हणजे खुन्याच्या वाट्याला येणारी विटंबना, ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली. फाशी जाणारे थोडे आणि शिकणारे शेकडो; मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसणे शक्यच नव्हते.

ती तूट भरून काढणारा एक धंदा उभा राहिला. रात्री दफनभूमीत शिरायचे, ताजी कबर उकरायची, प्रेत पोत्यात घालून पहाटेपूर्वी शाळेच्या मागल्या दाराशी पोचवायचे. या लोकांना उपरोधाने ‘रेझरेक्शनिस्ट’, म्हणजे मेलेल्यांना उठविणारे, असे म्हणत. इंग्लंडच्या कायद्यात प्रेत ही कोणाचीच मालमत्ता नसल्यामुळे त्याच्या चोरीवर चोरीचे कलम लागत नसे. कफन नेले तर मात्र लागे. म्हणून सराईत चोर कफन कबरीतच टाकून जात. स्कॉटलंडमधील श्रीमंतांनी आपल्या माणसांच्या कबरींवर लोखंडी पिंजरे बसविले, दफनभूमींत पहाऱ्याचे बुरूज उभारले. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत ते पिंजरे आजही पाहावयास मिळतात. पिंजरा परवडत नसे त्या गरिबाने आपले माणूस पुरल्यावर स्वतः रात्री जागून काढाव्यात, एवढाच उपाय उरे.

अशा शहरात विल्यम बर्क आणि विल्यम हेअर हे दोघे आयरिश मजूर राहत होते. युनियन कालव्याच्या खोदकामाच्या निमित्ताने ते स्कॉटलंडात आले होते. वेस्ट पोर्ट या गरीब वस्तीतील टॅनर्स क्लोज नावाच्या बोळात हेअर आणि त्याची बायको मार्गारेट स्वस्त भाड्याची खानावळवजा खोली चालवीत. बर्क आणि त्याची सोबतीण हेलन मॅक्‌डूगल त्यांच्याकडे राहावयास आली.

२९ नोव्हेंबर १८२७ रोजी हेअरकडे राहणारा डोनाल्ड नावाचा एक म्हातारा सैनिक जलोदराने वारला. तो निवृत्तिवेतन घेणारा होता आणि त्याच्याकडे हेअरचे ४ पौंड थकले होते. थकबाकी वसूल करण्यासाठी या दोघांनी शवपेटीत झाडाची साल भरली आणि प्रेत डॉ. नॉक्स यांच्या शाळेत नेऊन विकले. ७ पौंड १० शिलिंग मिळाले. येथपर्यंत खून नव्हता. परंतु एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली : तेथे कोणी काही विचारले नाही. नाव नाही, गाव नाही, प्रेत कोठून आणले हेही नाही.

माझ्या मते या क्रियापदाचा खरा जन्म त्या क्षणी झाला. पुढच्या साऱ्या घटना त्या न विचारलेल्या प्रश्नातून निघाल्या.

१८२८ च्या सुरुवातीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत या दोघांनी सोळा माणसे मारली. पद्धत ठरलेली होती. परक्या, एकट्या, भुकेल्या माणसाला आसरा द्यायचा. दारू पाजून झोपवायचे. मग एकाने अंगावर भार टाकायचा आणि दुसऱ्याने नाकतोंड दाबून धरायचे. शस्त्र नाही, रक्त नाही, गळ्यावर व्रण नाही. प्रेत नॉक्स यांच्या शाळेत गेले, की उन्हाळ्यात ८ आणि हिवाळ्यात १० पौंड मिळत. मारलेल्यांत वाटसरू होते, आजारी भाडेकरू होते, भीक मागणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. ज्यांची कोणी वाट पाहत नव्हते, अशीच माणसे त्यांनी निवडली. या निवडीत दोनदा ते चुकले. एप्रिलमध्ये मारलेली मेरी पॅटरसन ही तरुणी आणि ऑक्टोबरमध्ये मारलेला जेम्स विल्सन हा रस्त्यांवर फिरणारा भोळसट मुलगा, या दोघांना शहरात अनेक जण ओळखत. शाळेतील काही विद्यार्थ्यांनीही त्यांना ओळखले, असे नंतर सांगितले गेले. तरीही विच्छेदन थांबले नाही.

हा क्रम एका गरीब जोडप्याने थांबविला. जेम्स ग्रे आणि त्याची बायको ॲन हे बर्कच्या घरी भाडेकरू होते. ३१ ऑक्टोबर १८२८ च्या रात्री बर्कने त्यांना हेअरकडे झोपावयास पाठविले. त्या रात्री मार्गारेट डॉकर्टी नावाची आयरिश बाई बर्कच्या घरी पाहुणी होती. दुसऱ्या दिवशी ती दिसेना. खाटेजवळच्या गवताच्या ढिगाकडे गेले, की बर्क ॲनवर खेकसत असे. संध्याकाळी घरात कोणी नाही असे पाहून दोघांनी ते गवत उचकले, तेव्हा खाली त्या बाईचे प्रेत मिळाले. हेलनने हातापाया पडून सांगितले, की तोंड बंद ठेवाल तर आठवड्याला १० पौंड मिळतील. दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या त्या जोडप्याला ती रक्कम म्हणजे स्वप्नवतच होती. त्यांनी ती नाकारली आणि पोलिसांत वर्दी दिली. पोलीस येईपर्यंत प्रेत चहाच्या खोक्यातून नॉक्स यांच्याकडे पोचलेही होते; दुसऱ्या दिवशी ते तेथेच सापडले.

आता वकील म्हणून मला जो भाग सर्वांत उद्बोधक वाटतो, तो पाहा. एवढे होऊनही सरकारपक्षाजवळ पुरावा अपुरा होता. बहुतेक प्रेतांचे तर विच्छेदन होऊन गेले होते. डॉकर्टीचे प्रेत तपासणारे रॉबर्ट क्रिस्टिसन हे न्यायवैद्यकातले मोठे नाव. त्यांनीही प्रामाणिकपणे सांगितले, की मृत्यू बळजबरीने झाला असणे संभवनीय दिसते, परंतु केवळ वैद्यकीय लक्षणांवरून तसे निश्चित म्हणता येत नाही. खूणच न ठेवणारा गुन्हा शास्त्रालाही सिद्ध करता येईना. अखेर सरकारने हेअर दांपत्याला माफीचे साक्षीदार केले.

२४ डिसेंबर १८२८ रोजी सकाळी सुरू झालेला खटला रात्रभर चालला आणि नाताळच्या सकाळी पंधरा ज्यूरींनी पन्नास मिनिटांत निर्णय दिला : बर्क दोषी, हेलनवरील आरोप ‘सिद्ध झालेला नाही’. आरोपपत्रात तीन खून होते, प्रत्यक्ष सुनावणी एकाच, डॉकर्टीच्या खुनाची झाली. जेम्स विल्सनच्या आईने आणि बहिणीने हेअरवर स्वतंत्र खटला भरण्याची खटपट केली. पण माफीचे वचन दिल्याने उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये हेअर सुटला. डॉ. नॉक्स यांच्यावर खटला झाला नाही. त्यांना काही ठाऊक नव्हते असे खुद्द बर्कने कबुलीजबाबात सांगितले होते. लोकांनी ते मानले नाही. त्यांच्या घरापुढे त्यांचा पुतळा जाळला.

२८ जानेवारी १८२९ रोजी बर्कला सुमारे पंचवीस हजार लोकांच्या समक्ष फाशी दिले. पुढे विद्यापीठात त्याच्याच देहाचे विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही आहे.

त्या फाशीच्या वेळी जमावातून आरोळ्या उठल्या, असे फेब्रुवारीच्या आरंभी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. याला दोर देऊ नका, याला ‘बर्क’ करा, असा त्या आरोळ्यांचा आशय होता. या क्रियापदाचा कोशकारांनी नोंदविलेला पहिला छापील प्रयोग तो हाच. म्हणजे बर्क अजून वधस्तंभावर उभा असतानाच त्याच्या नावाचे क्रियापद झाले होते, आणि लोकांनी ते प्रथम त्याच्यावरच चालविले. शब्दाची जन्मवेळ इतकी नेमकी सांगता यावी, असे भाषेच्या इतिहासात क्वचित घडते. १८३७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये हा शब्द संभाषणाच्या ओघात येतो आणि त्याचा अर्थ सांगण्याची गरज लेखकाला वाटत नाही. आठ वर्षांत तो एवढा रुळला होता.

दोघे मिळून खून करीत असता क्रियापद एकाच्याच नावाचे का झाले? एक कारण भाषिक आहे. ‘हेअर’ या उच्चाराचे शब्द इंग्रजीत आधीपासून होते. एक सशासारख्या प्राण्याचा, दुसरा केसांचा. त्या गर्दीत नव्या अर्थाला जागा नव्हती. दुसरे कारण न्यायाचे. शिक्षा बर्कला झाली, त्याचे नाव जाहीरपणे पुकारले गेले. ज्याने साथीदाराविरुद्ध साक्ष देऊन स्वतःची मान सोडवून घेतली, तो हेअर शिक्षेतून सुटला तसाच शब्दकोशातूनही सुटला.

यानंतर अर्थाचा प्रवास सुरू झाला. खुनाचा अर्थ हळूहळू मागे पडला आणि ‘दडपणे’ हा अर्थ पुढे आला. मारण्यासाठी इंग्रजीत क्रियापदांची वाण नाही. या शब्दाचे वैशिष्ट्य मारण्याच्या रीतीत आहे. घाव दिसत नाही, आवाज होत नाही, आणि मागाहून पाहणाऱ्याला सर्व काही नैसर्गिक वाटते. संसदेत एखाद्या ठरावाला उघड विरोध करून तो पाडणे म्हणजे ‘बर्क’ करणे नव्हे. तेथे मते मोजली जातात, कोणी काय केले हे लिहिले जाते. तोच ठराव चर्चेला येणार नाही अशी व्यवस्था करणे, चौकशीची मागणी समितीकडून समितीकडे फिरवीत तिचा श्वास कोंडणे, याला ‘बर्क’ म्हणतात.

मराठीत याला प्रतिशब्द कोणता? ‘दडपणे’ चालेल, पण त्यात बळाचा भाग अधिक आहे. ‘पांघरूण घालणे’ यात लपविणे आहे, पण जिवंत गोष्ट मारणे नाही. माझ्या मते ‘मुस्कटदाबी’ आणि ‘गळचेपी’ हे शब्द सर्वांत जवळचे. मुस्कट दाबणे म्हणजे अक्षरशः तोंड दाबून धरणे. बर्कने तेच केले. एडिंबरोचा बोळ न पाहता आपल्या भाषेनेही बोलणे बंद करणे आणि श्वास बंद करणे यांची सांगड घातली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इतिहासाकडे परत येऊ. बर्क फाशी गेला तरी प्रेतांची मागणी तशीच होती. नोव्हेंबर १८३१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात बिशप आणि विल्यम्स या दोघांनी एका मुलाचे प्रेत विकावयास आणले. तेथील रिचर्ड पार्ट्रिज या शिक्षकाला ते पाहून संशय आला आणि त्याने पोलिसांना बोलाविले. ५ डिसेंबर १८३१ रोजी त्या दोघांना फाशी झाली. लोकांनी त्यांना ‘लंडनचे बर्कर’ असेच नाव दिले. मागल्या दाराशी एका शिक्षकाने प्रश्न विचारला, आणि केवळ तेवढ्याने गुन्हा उघडकीस आला.

मग पार्लमेंट हलले. ऑगस्ट १८३२ मध्ये शरीरविच्छेदनाचा कायदा मंजूर झाला. खुन्यांची प्रेते विच्छेदनास देण्याची शिक्षा रद्द झाली, आणि तिच्या जागी ज्यांच्यावर कोणी हक्क सांगत नाही अशी, म्हणजे मुख्यतः अनाथगृहांत आणि रुग्णालयांत मरणाऱ्या निर्धनांची प्रेते शास्त्राला मिळू लागली. प्रेतांचा चोरबाजार बसला, खुनाचे आमिष संपले, हे या कायद्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु इंग्रज इतिहासकार रूथ रिचर्डसन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे, की कालपर्यंत खुन्याला जी शिक्षा होती ती या कायद्याने गरिबाच्या वाट्याला आली. बर्कने बेवारस माणसे निवडली; कायद्यानेही बेवारसच निवडले. फरक असा, की कायदा त्यांच्या मरणाची वाट पाहत होता. जेरेमी बेंथम या विचारवंताने मात्र दुसरा मार्ग दाखविला. जून १८३२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याच्या देहाचे विच्छेदन झाले. आपल्याकडे दधीची ऋषींच्या नावाने आज जे देहदान चालते, त्याची वाट तीच. स्वेच्छेने दिलेल्या देहात कोणाचीही मुस्कटदाबी नसते.

भारतातही हा विषय लवकरच आला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन करून रूढीला धक्का दिला. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मुंबई राज्याचा शरीररचनाशास्त्रविषयक कायदा १९४९ चा. बेवारस देहांचे तत्त्व त्यातही आले. १९४९ हेच बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्याचे वर्ष.

पण शब्द आपल्याकडे आला तो वैद्यकाच्या दाराने आला नाही. तो पोलीस ठाण्याच्या दाराने आला, आणि येथेच मुक्काम करून राहिला. इंग्लंडात हे क्रियापद आता जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. भारतीय पोलीस प्रशासनाच्या आणि न्यायालयांच्या इंग्रजीत मात्र ‘बर्किंग’ हा रूढ पारिभाषिक शब्द आहे. दखलपात्र गुन्ह्याची वर्दी आली असता तिची नोंदच न करणे, असा त्याचा अर्थ. त्याला जोडून दुसरा शब्द येतो ‘मिनिमायझेशन’, म्हणजे गुन्हा नोंदवायचा पण हलके कलम लावून. ठाण्याच्या कामाचे मोजमाप गुन्ह्यांच्या आकड्यांवरून होत असेल, तर आकडा कमी ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे गुन्हा कागदावर न आणणे, हे उघड आहे.

गुजरातेतील पोलिसी व्यवहारात ‘जाणवाजोग’ नावाची एक नोंद असते. शब्द गोड आहे. जाणून घेण्याजोगे, एवढाच त्याचा अर्थ. मी पाहिलेल्या एका प्रकरणात दाहोदकडची एक मजूर स्त्री आपल्या नवऱ्याच्या मृत्यूची फिर्याद घेऊन एका ठाण्यात तीन वेळा गेली. मुकादमाने त्याला मारहाण केली होती, असे तिचे म्हणणे. तिन्ही वेळा तिचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले गेले, कोणी तिला हाकलून दिले नाही, आणि कागदावर उमटली ती फक्त एक जाणवाजोग नोंद. आम्ही दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा हुकूम मिळविला, तोपर्यंत काही महिने उलटले होते. बांधकाम संपले होते, बरोबरचे मजूर आपापल्या गावी किंवा दुसऱ्या शहरांत पांगले होते. मारहाण झाली होती की नाही, हे कधीच ठरू शकले नाही. क्रिस्टिसन यांच्यापुढे होते तसेच प्रकरण आमच्यापुढे होते; अंगावर खूण नव्हती.

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात निर्णय दिला. दिलेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्राथमिक खबर नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे त्यात ठरले. काही मोजक्या प्रकारांतच प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. त्या निकालपत्रात ‘बर्किंग’ हा शब्द आहे. गुन्ह्यांची अशी दडपणूक झाली तर कायद्याच्या राज्यावरील लोकांची श्रद्धा उडते, असे न्यायमूर्तींनी म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कोणत्याही ठाण्यात वर्दी देण्याची सोय तिने कायद्यातच घातली आहे, तसेच तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीलाही वाव दिला आहे. या चौदा दिवसांचा उपयोग तपासाला होईल की गुदमरवण्याला, हे काळच ठरवील.

येथे आपल्या इतिहासातील एक शब्दप्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे झाले, आनंदीबाईंनी ते केले, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही आणि एका स्त्रीच्या माथी तो आरोप कायमचा बसला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. परंतु त्या खुनातून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीला मिळाला. एडिंबरोच्या खुनातून इंग्रजीला ‘बर्क’ मिळाला. एक लिहिलेले बदलण्याविषयी आहे, दुसरा लिहूच न देण्याविषयी. पोलीस ठाण्यातली दोन्ही पापे या दोन शब्दप्रयोगांत आली : ‘बर्किंग’ झाले की फिर्याद लिहिलीच जात नाही, ‘मिनिमायझेशन’ झाले की खुनाच्या प्रयत्नाची साधी दुखापत होते, म्हणजे उलट्या दिशेने ‘मा’ चा ‘ध’ होतो.

विद्यार्थी मित्रहो, भाषा ही इतिहासाची एक वही आहे, पण ती वहीही निःपक्षपाती नसते. तिने बर्कचे नाव जपले. त्याने आणि हेअरने मारलेल्या सोळा जणांपैकी कित्येकांची नावेसुद्धा आज कोणास ठाऊक नाहीत. पहिला बळी कोण, याविषयीही कबुलीजबाबांत मेळ नाही. आठवड्याचे १० पौंड नाकारून पोलिसांकडे गेलेल्या ॲन ग्रेच्या नावाचे क्रियापद कोणत्याही भाषेत झाले नाही. व्हावयास हवे होते. गवत उचकून पाहणे, दिसले ते सांगणे आणि सांगितलेले लिहून घ्यावयास लावणे, असा त्या क्रियापदाचा अर्थ झाला असता.

शब्द नसला तरी कृती आपल्या हाती आहे. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण वकील, शिक्षक, डॉक्टर, पत्रकार आणि सरकारी अधिकारी आहेत. प्राथमिक खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळावी, असा कायदा आहे, आणि तो अनेक फिर्यादींना ठाऊक नसतो. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईवर, गल्लीतल्या चौकीदारावर, बांधकामावरच्या मजुरावर ठाण्यात जाण्याचा प्रसंग आला, तर त्याच्याबरोबर जा. आणि परत निघण्यापूर्वी ती प्रत मागून घ्या. ज्याच्याबद्दल विचारणारा कोणी आहे, त्याला ‘बर्क’ करणे फार कठीण असते.